युद्धकालीन विमान-सिम्युलेटरमधील वाफेच्या गाड्या: ‘आयएल-२’ घ्यावा की ‘डीसीएस’?

दुसऱ्या महायुद्धातील विमाने संगणकावर उडवू इच्छिणाऱ्यासमोर आज मुख्यतः दोन पर्याय असतात. एक म्हणजे २०१४ साली स्टालिनग्राडच्या लढाईपासून सुरू झालेली ‘आयएल-२ स्टुर्मोविक: ग्रेट बॅटल्स’ ही मालिका आणि दुसरा ईगल डायनॅमिक्स या कंपनीचा ‘डीसीएस वर्ल्ड’. या दोहोंची तुलना बहुधा विमानांवरून होते. ज्याला जमिनीलगत उडून रेल्वेवर हल्ले करायचे आहेत, त्याने मात्र आगगाडीकडेही तितक्याच बारकाईने पाहावे, कारण ती त्या युद्धात शोभेची वस्तू नव्हती. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यापूर्वी दोस्त राष्ट्रांनी फ्रान्स आणि बेल्जियममधील रेल्वे खिळखिळी करण्याची स्वतंत्र योजना राबवली होती, आणि २१ मे १९४४ रोजी तर लढाऊ विमानांचे ताफेच्या ताफे केवळ इंजिने आणि गाड्या टिपण्यासाठी सोडण्यात आले होते.

आधी इंजिनाच्या जातीविषयी. ‘आयएल-२’मध्ये दोन इंजिने आहेत, सोव्हिएत ‘ई’ वर्गाचे आणि जर्मन ‘जी-८’, आणि ही निवड अभ्यासून केलेली दिसते. दहा चालक चाकांचे ‘ई’ इंजिन १९१२ पासून बनत होते, एकूण सुमारे ११,००० बनली, आणि सोव्हिएत मालवाहतुकीचा भार बराचसा त्याच्यावरच होता. प्रशियन रेल्वेचे आठ चाकी ‘जी-८’ हे १९०२ पासूनचे जुने इंजिन असले, तरी युद्धात अशी म्हातारी इंजिनेच मोठ्या संख्येने राबवली गेली. शिवाय १९१८ च्या युद्धविरामाच्या अटींनुसार जर्मनीला ५,००० इंजिने दोस्तांना द्यावी लागली होती आणि त्यांत प्रशियन मालगाडीची इंजिनेही होती. त्यामुळे फ्रान्सच्या नकाशावर ‘जी-८’ची आकृती दिसली तर ती परकी वाटत नाही.

‘डीसीएस’मध्ये वाफेचे इंजिन एकच आहे, जर्मन रेल्वेचे ‘वर्ग ८६’, आणि ते दुसऱ्या महायुद्धाच्या साधनसंचाबरोबर, म्हणजे त्या काळच्या तोफा, गाड्या वगैरेंच्या जोडसंचाबरोबर मिळते, जो निराळा विकत घ्यावा लागतो. हा संच नसेल तर गाडीला लावायला अलीकडच्या काळातील डिझेल किंवा विजेची इंजिनेच उरतात, आणि त्यांना १९४४ च्या नॉर्मंडीत धावताना पाहण्यापेक्षा रूळ मोकळे ठेवलेले बरे. ‘वर्ग ८६’ हे खरे इंजिन आहे, १९२८ ते १९४३ दरम्यान सुमारे ७७५ बनले. अडचण त्याच्या कामाची आहे. ते टाकी-इंजिन असल्यामुळे त्याला मागे वेगळा टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, नसतो, पाणी आणि कोळसा अंगावरच वाहिला जातो, म्हणून त्याचा पल्ला आखूड आणि त्याची जागा जर्मनीतील शाखामार्गांवर. पॅरिसकडून दारूगोळा घेऊन निघालेल्या लांब मालगाडीच्या तोंडाशी ते शोभत नाही. हा दोष तीनशे मीटर उंचीवरूनही जाणवतो, कारण वरून पाहणारा वैमानिक इंजिन ओळखतो ते त्याच्या आणि टेंडरच्या मिळून होणाऱ्या लांबोळ्या आकारावरून.

आता मुख्य कसोटी: गोळी लागल्यावर काय होते. ‘जी-८’च्या बॉयलरमध्ये दाब सुमारे १२ बार असतो, आणि त्या दाबाखाली आतील पाणी साधारण १९० अंश सेल्सिअसला तापलेले असते. स्पिटफायरच्या २० मिमी तोफेने किंवा थंडरबोल्टच्या आठ मशीनगननी पत्र्याला भोके पाडली, की तिथून पांढऱ्या वाफेचा झोत उसळतो, त्या काळच्या विमानांवरील कॅमेऱ्यांच्या चित्रफितींत दिसतो तसाच. तो काही मिनिटे चालू राहतो, दाब उतरतो आणि गाडी थांबते. पेट्रोलच्या टाकीसारखा आगीचा गोळा उठायला इंजिनात पेट्रोल नसते. कोळसा आणि पाणी असते. बॉयलर खरोखर फुटण्याचा धोका असतो तो पाण्याची पातळी अग्निपेटीच्या माथ्याखाली गेली तर. शिवाय भोके पडलेले इंजिन कारखान्यात नेऊन ठिगळे लावून पुन्हा कामाला जुंपता येत असे. वैमानिकाच्या खात्यात ‘नष्ट’ म्हणून गेलेली बरीच इंजिने प्रत्यक्षात काही आठवड्यांपुरतीच बाद झालेली असत.

या कसोटीवर दोन्ही खेळ उणेच पडतात. बॉयलरमधील दाब, पाण्याची पातळी किंवा जळणारा कोळसा यांचा हिशेब दोहोंपैकी कोणीही ठेवत नाही. ‘डीसीएस’मध्ये विमानाच्या नुकसानीचे गणित अत्यंत तपशीलवार असले, तरी जमिनीवरील बहुतेक गोष्टींना ठरावीक आयुष्यगुण (किती मारा सोसेल याचा आकडा) दिलेले असतात आणि ते संपले की वस्तू नष्ट होते, हे विसरू नये. ज्या खेळात कॉकपिटमधील एकेक स्विच हाताळावा लागतो, त्यातच लक्ष्य इतक्या ढोबळपणे मरते, ही विसंगती मला तरी खटकते.

म्हणूनच माझा कल ठरतो तो गाडी वैमानिकाला किती महाग पडते यावरून. खऱ्या मोहिमांत जर्मन मालगाड्यांना विमानवेधी तोफांचे डबे जोडलेले असत, आणि गाडीवर पहिली झेप घेताना वैमानिकाचे लक्ष इंजिनाइतकेच त्या डब्यांकडे असे. ‘आयएल-२’मध्ये मालडबे, टाकीचे डबे आणि प्रवासी डबे यांच्याबरोबर जर्मन २० मिमी तोफ किंवा सोव्हिएत मशीनगन बसवलेले उघडे डबेही गाडीला जोडता येतात. याच मालिकेच्या पूर्वजामध्ये, २००१ च्या पहिल्या ‘आयएल-२’च्या परंपरेतही, तोफांसह धावणाऱ्या मालगाड्या आणि इंधनगाड्या होत्या; ही सवय त्यांनी सोडली नाही, हे चांगलेच झाले. ‘डीसीएस’च्या साधनसंचात तोफा पुष्कळ आहेत, पण त्या मोहीम रचणाऱ्याने रुळांलगत मोक्याच्या जागी वेगळ्या मांडायच्या. कसबी रचनाकाराच्या हातून ही मांडणी उत्तम होते. साध्या मोहिमेत गाडी असुरक्षितच राहते, आणि मग तो नेमबाजीचा सराव होतो.

पूर्व आघाडी हवी असेल तर निवड आणखी सोपी, कारण स्टालिनग्राड, मॉस्को आणि कुबान हे नकाशे ‘आयएल-२’कडेच आहेत. तिथला एक बारकावा मोहीम रचताना पाळावा. सोव्हिएत रूळ १५२४ मिमी आणि जर्मन १४३५ मिमी अंतराचे असल्याने जर्मन सैन्याला पुढे सरकताना रूळ ८९ मिमीने आत घ्यावे लागत. तेव्हा ‘जी-८’ची गाडी जर्मनांच्या ताब्यातील मार्गावरच ठेवावी.

रेल्वेवरील हल्ला हाच मुख्य हेतू असेल, तर ‘आयएल-२’ घ्यावा. त्यातील नॉर्मंडीच्या संचात टायफून आणि मॉस्किटो ही दोन्ही विमाने मिळतात आणि वाफेच्या गाड्यांसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. ‘डीसीएस’ त्याने घ्यावा, ज्याला मॉस्किटो किंवा थंडरबोल्टचे इंजिन सुरू करण्यापासूनचा खराखुरा खटाटोप हवा आहे आणि आगगाडी हे ज्याच्यासाठी अनेकांतले एक लक्ष्य आहे. मूळ खेळ विनामूल्य असला तरी विमान, नॉर्मंडीचा नकाशा आणि साधनसंच अशा तीन खरेद्यांचा हिशेब त्याने आधी मांडावा, आणि मित्रांबरोबर ऑनलाइन उडायचे असेल तर त्यांचा सर्व्हर साधनसंच मागतो का, हेही विचारून घ्यावे.