जपानच्या कॉलेज प्रवेशाचा इंग्रजी पेपर खान्देशातल्या वर्गात: फुकट मिळणाऱ्या प्रश्नसंचाचं परीक्षण

जपानमध्ये दर जानेवारीच्या मध्यावर, एका शनिवार-रविवारी, सुमारे पाच लाख मुलं कॉलेज प्रवेशाची सामायिक परीक्षा देतात. 'क्योत्सू टेस्ट' तिचं नाव. ती घेणारं तिथलं राष्ट्रीय प्रवेश परीक्षा केंद्र गेल्या तीन वर्षांचे पेपर आपल्या संकेतस्थळावर ठेवतं. इंग्रजीचा वाचनाचा पेपर, श्रवणाचा पेपर, त्याचा ऑडिओ, ऑडिओची लेखी संहिता आणि गुणांसकट उत्तरसूची, सगळं विनामूल्य. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी खरोखर कितपत कळतं, हे तपासायला हा संच वापरावा का? वापरावाच. वाचनाचा पेपर तसाच्या तसा चालतो. श्रवणाचा त्याहून मोलाचा आहे, पण वर्गात नेण्याआधी त्यावर दोन-तीन तास मेहनत घ्यावी लागते. लिहिणं आणि बोलणं मात्र यात अजिबात नाही.

आपल्या बारावीच्या ८० गुणांच्या लेखी पेपरात पाठ्यपुस्तकातले उतारे, कविता, कादंबरी यांना मोठी जागा आहे. गाइड पाठ करून मुलगा तिथे बरे गुण काढतो आणि पुढे कॉलेजात इंग्रजीतली साधी सूचना वाचताना अडखळतो. जपानची अडचण वेगळी नव्हती. १९९० ते २०२० चाललेल्या जुन्या 'सेंटर टेस्ट'मध्ये उच्चार, आघात, व्याकरण यांचे सुटे प्रश्न असत. २०२१ला नवी परीक्षा आली आणि वाचनाच्या पेपरातून ते सगळे काढून टाकले. आता फक्त मजकूर असतो: मोबाइलवरचा निरोप, क्लबची जाहिरात, हॉटेलांबद्दलचे अभिप्राय, आलेख, दोन लेखांची तुलना. पाठ करण्यासारखं काहीच उरत नाही.

वाचनाला ८० मिनिटं आणि १०० गुण. मजकूर, प्रश्न, पर्याय धरून अलीकडच्या पेपरांत साडेपाच-सहा हजार शब्द भरतात. म्हणजे मिनिटाला ७० ते ७५ शब्द नुसते डोळ्यांखालून जायला हवेत. विचार करायला, मागे वळून शोधायला आणि गोल रंगवायला लागणारा वेळ वेगळा. मिनिटाला १२० शब्दांचा वेग नसेल तर पेपर पुरा होत नाही. मराठी माध्यमातली मुलं इथेच अडकतात. शब्द येत नाहीत म्हणून नव्हे, तर प्रत्येक वाक्य मनात मराठीत उतरवून मगच पुढे जायची सवय असते म्हणून. काठिण्य युरोपीय मोजपट्टीवर ए-१ ते बी-१, म्हणजे मूलभूत ते मध्यम. त्यामुळे गुण कमी पडले तर 'पेपरच अवघड होता' ही पळवाट राहत नाही. जपानी मुलांची २०२४ची वाचनाची सरासरी ५१.५४ होती, २०२३ची ५३.८१. हे आकडे मुलांना आधी सांगून ठेवावेत, नाहीतर पहिल्याच पेपरात ४० गुण पडले की मुलं खचतात.

मराठी मुलांना हा पेपर चपखल बसतो याला भाषेचंही कारण आहे. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, 'मध्ये', 'पासून' यांसारखे शब्द नामानंतर येतात, नामाचं वर्णन नामाआधी येतं आणि इंग्रजीसारखी आर्टिकल्स नसतात. मराठीची ठेवण बरीचशी अशीच, आणि घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाचीही. इंग्रजीत नामानंतर लांबलचक वर्णन आलं की जपानी मुलगा जिथे घसरतो तिथेच आपलाही घसरतो. चुकीचे पर्याय नेमके अशा जागा हेरून लिहिलेले असतात: मजकुरातले शब्द जसेच्या तसे, पण कोणी काय केलं हे उलटं. शब्द जुळवून उत्तर देणारी मुलं दोन-तीन प्रश्नांतच उघडी पडतात.

पहिल्यांदा पूर्ण पेपर देऊ नये. २०२४पर्यंतच्या पेपरांत सहा मोठे प्रश्न असायचे. त्यांतले पहिले तीन ३० मिनिटांत सोडवून घ्यावेत, उरलेले दुसऱ्या दिवशी ५० मिनिटांत. २०२५ला रचना बदलली, आठ मोठे प्रश्न झाले आणि एक सुंदर प्रकार आला: विद्यार्थ्याने लिहिलेला कच्चा मसुदा, बाजूला शिक्षकाचे शेरे, आणि कोणतं वाक्य कुठे घातलं की अर्थ सलग होईल ते निवडायचं. परिच्छेद कसा बांधायचा हे या एका प्रश्नातून जेवढं शिकवता येतं तेवढं निबंधाच्या दहा तासांत होत नाही. तो वेगळा काढून फळ्यावर सोडवावा.

तपासताना एक चूक हमखास होते. घटनांचा क्रम लावायच्या प्रश्नात सगळा क्रम बरोबर असेल तरच गुण मिळतात, अर्धे गुण नाहीत. दोन उत्तरं निवडायची असतात त्यातही काही ठिकाणी दोन्ही बरोबर लागतात, क्रम मात्र कोणताही चालतो. हे उत्तरसूचीखालच्या बारीक टिपांत लिहिलेलं असतं आणि टिपा जपानीत असतात. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप त्यांना पुरतं. प्रत्येक उत्तराचे गुण वेगळे असल्याने नुसती बरोबर उत्तरं मोजून बेरीज करू नये.

वाचनाच्या पेपरात वरची एक-दोन ओळींची सूचना सोडली तर प्रश्न इंग्रजीतच असतात. श्रवणाच्या पेपरात तसं नाही. सूचना जपानीत, निवेदक जपानीत बोलणार, आणि दुसऱ्या मोठ्या प्रश्नापासून पुढे संवाद कुठे, कोणामध्ये चालला आहे ही माहितीही जपानीत छापलेली. ती न समजता ऑडिओ लावला तर परीक्षा इंग्रजीची राहतच नाही. म्हणून आधी 'हॉटेलात ग्राहक वेटरशी बोलतो आहे' अशा एकेका ओळीचं मराठी करून कागदावर द्यावं. मग ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जपानी निवेदन कापावं. कापताना मधल्या शांत जागा काढू नयेत. उत्तर लिहायचा आणि पुढचा प्रश्न वाचायचा वेळ त्याच जागांमध्ये दिलेला असतो. पाचव्या प्रश्नात व्याख्यानाआधी तक्ता वाचायला लांब विराम आहे, तो बिघाड समजून उडवला की अख्खा प्रश्न वाया जातो.

ऐकण्याचा वेळ ३० मिनिटं, गुण १००, प्रश्न ३७. पहिले दोन मोठे प्रश्न दोनदा ऐकवतात, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत एकदाच. तिथे 'सर, परत लावा' ऐकायचं नाही. एकदाच ऐकून नोंद घेता येते का, हेच तपासायचं आहे. बोलणारे सगळे अमेरिकी नाहीत, ब्रिटिश आणि बिगर-इंग्रजी भाषकांचे आवाजही येतात.

जपानमध्ये प्रत्येक मुलाच्या बाकावर छोटा आयसी प्लेअर आणि इअरफोन देतात, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या बाकाला सारखंच ऐकू येतं. आपल्याकडे एक स्पीकर आणि पत्र्याखाली साठ मुलं असतील तर मागच्या रांगांचे गुण इंग्रजीचे नसून अंतराचे असतात. वीस-पंचवीस मुलांची तुकडी करावी, स्पीकर टेबलावर न ठेवता वर्गाच्या मध्यभागी स्टुलावर ठेवावा, पंखे बंद करावेत. म्हणून हे काम एप्रिल-मेच्या उन्हात न काढता डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या पहिल्या तासाला घ्यावं. फाइल आधीच उतरवून ठेवावी आणि स्पीकर चार्ज केलेला असावा. शहादा-धडगावकडे नेट आणि वीज दोन्हींवर अर्धा तास सलग भिस्त ठेवणं धोक्याचं.

मजकुरातलं जग जपानी मुलांच्या ओळखीचं असतं: होमस्टे, शाळेतले क्लब, परदेशातली वसतिगृहं. असे पाच-सहा शब्द आधी सांगून टाकावेत. त्याने परीक्षा सोपी होत नाही, फक्त अनोळखी प्रथेमुळे जाणारे गुण वाचतात. त्यापुढची पायरी म्हणजे हाच साचा घेऊन आपला मजकूर करणं: जळगाव-चोपडा एसटीचं वेळापत्रक, रावेरच्या केळीच्या भावाचा आलेख, कापसाच्या दोन वाणांबद्दल शेतकऱ्यांची वेगवेगळी मतं. मतं वेगवेगळी ठेवणं महत्त्वाचं, कारण मूळ पेपरात वस्तुस्थिती कोणती आणि मत कोणतं हे ओळखायला लावतात.

लिहिणं-बोलणं यात का नाही, त्याला इतिहास आहे. त्यासाठी आयकेन, जीटेक, टोफेल यांसारख्या बाहेरच्या परीक्षांचे गुण धरायची योजना होती. फीचा भार, केंद्रं शहरांत, आणि खेड्यापाड्यांतल्या व बेटांवरच्या मुलांना प्रवासाचा खर्च, यावरून मोठा विरोध झाला. १ नोव्हेंबर २०१९ रोजी शिक्षणमंत्री हागिउदा यांनी ती पुढे ढकलली आणि २०२१मध्ये ती सोडूनच दिली. अक्कलकुव्याच्या पालकाला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

ही उणीव थोडीफार भरायला आयकेनचेच अलीकडचे पेपर त्यांच्या संकेतस्थळावरून घ्यावेत, तेही फुकट आहेत. ही परीक्षा श्रेणींनुसार असते आणि आकडा लहान तितकी श्रेणी अवघड. २०२४पासून तिसऱ्या श्रेणीत १५ ते २५ शब्दांचं ईमेल-उत्तर आणि २५ ते ३५ शब्दांचं मत लिहायचं असतं. दुसऱ्या श्रेणीत ८० ते १०० शब्दांचं मत आणि ४५ ते ५५ शब्दांत उताऱ्याचा सारांश. मतलेखनाला आशय, मांडणी, शब्द, व्याकरण प्रत्येकी चार गुण. ही चौकट शिक्षकाच्या फार कामाची आहे, कारण व्याकरण चुकलं तरी आशयाचे गुण शाबूत राहतात. दहावी मराठी माध्यमातून झालेल्या मुलांना आधी तिसरी श्रेणी द्यावी. तिचं वाचन-लेखन निभावलं की पूर्व-दुसरी, आणि मगच सामायिक परीक्षेचा वाचनाचा पेपर. थेट वरून सुरुवात केली तर वर्गातली चार मुलं सोडवतात आणि बाकीची गोल रंगवून मोकळी होतात.