जुळे सोलापुरातला फ्लॅट: ४९.९० लाख की पूर्ण ५०?

मालक ५० वर अडलाय, तुम्ही ४९.९० वर. फरक दहा हजारांचाच दिसतो. पण ५० लाखांपासून खरेदीदाराला १ टक्का टीडीएस (मालकाचा आगाऊ आयकर) कापावा लागतो, तोही पूर्ण रकमेवर: ५० हजार. हे तुमच्या खिशातून जादा जात नाहीत. मालकाच्या पॅनवर जमा होतात, रिटर्न भरताना तो वळते करून घेतो. तूर्त मात्र त्याच्या हातात ४९.५०च पडतात. म्हणून ‘४९.९० घ्या, सगळे लगेच’ हे त्याला पटू शकतं.

आधी रेडी रेकनर, म्हणजे मालमत्तेचे सरकारी दर, बघा. सरकारी मूल्यच ५० लाख भरलं, तर ४९.९० लिहूनही टीडीएस चुकत नाही. नोंदणी फी दोन्हीकडे ३० हजारच. वरचे रोखीत द्यायची गोष्ट निघाली, तर सरळ उठा.