पंचवीस घरं, दोन वर्षं: चिलीचं घ्यावं, मेक्सिकोचं की बांगलादेशचं?

आमच्या मंडळात ठराव होऊन महिना झाला: पुण्यातल्या जनता वसाहतीतली पंचवीस गरीब घरं दोन वर्षं धरायची, नुसतं वह्यावाटप आता पुरे झालं. पैसे थोडे आहेत, उत्साह बरा आहे. धरायची म्हणजे नक्की काय करायचं, यावर मात्र तीन बैठका चहावरच संपल्या. समोर गरीब घरांना वर काढण्याचे तीन नमुने आहेत. तिन्ही आपापला देश सोडून परमुलखात जाऊन आलेत, त्यामुळे वाटेत काय सांडलं तेही बघता येतं.

मेक्सिकोचं आधी उरकतो. १९९७ साली तिथे प्रोग्रेसा सुरू झालं. पैसे थेट आईच्या हाती, अट एवढीच की मुलं शाळेत जायला हवीत आणि दवाखान्यातली तपासणी चुकता कामा नये. माध्यमिक शाळेतल्या मुलींना मुलांपेक्षा जास्त रक्कम. याचा डंका जगभर वाजला. २००७ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी खासगी देणग्यांतून तोच प्रयोग आपल्या शहरात केला. पैसे येत होते तोवर घरातली ओढाताण कमी झाली, पण लहान वर्गांतल्या मुलांच्या शाळेत फारसा फरक पडला नाही. तीन वर्षांत पैसे थांबले. खुद्द मेक्सिकोतही २०१९ मध्ये ही योजना गुंडाळली गेली.

आपल्याकडे लाडकी बहीणचे १५०० रुपये २०२४ पासून अनेक घरांत येतातच. त्यावर आपण पाचशे घालायचे आणि हजेरीचा दाखला मागायचा? तो आणायला आईचा अर्धा दिवस जाणार, म्हणजे धुण्याभांड्याच्या कामावर खाडा. माझं मत विरोधात.

बांगलादेशच्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेचा नमुना २००२ चा. अगदी तळातल्या घराला गाय, शेळी किंवा छोट्या धंद्याचं भांडवल द्यायचं, सुरुवातीचे काही महिने पोटापुरते पैसे, शिकवणी, बचत, आणि साधारण दोन वर्षं नियमित घरभेट. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान, पेरू अशा सहा देशांत तो करून पाहिला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक ठिकाणी कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानेही घरं वर आलेली दिसली. पश्चिम बंगालमध्ये तर कित्येक वर्षांनीही फायदा टिकला होता. बिहार सरकारने २०१८ मध्ये सतत जीविकोपार्जन योजना याच धर्तीवर काढली. होंडुरासमध्ये मात्र पुष्कळ घरांना कोंबड्या दिल्या आणि त्या रोगाने मेल्या.

पर्वतीच्या उतारावर दहा बाय दहाच्या खोलीत शेळी बांधणार कुठे? इथे भांडवल म्हणजे शिलाई मशिन नाहीतर हातगाडी. अतिक्रमणवाल्यांनी गाडी उचलली की आमचीही कोंबडी मेली. शिवाय दर आठवड्याला भेट धरली तर पंचवीस घरांच्या दोन वर्षांत २६०० भेटी होतात. पैसा लागतो तो वेगळाच.

चिलीचं पुएंते, म्हणजे पूल, हेही २००२ चंच. इथे मुख्य वस्तू म्हणजे माणूस. एक कार्यकर्ती घरी येते, ५३ किमान गोष्टींची यादी घरच्यांसोबत बसून तपासते: सगळ्यांची ओळखपत्रं आहेत का, बाळाच्या लसी झाल्यात का, मूल शाळेत जातं का, घरात मारहाण होते का. जे नाही त्यावर घरच्यांशी करार. दोन वर्षांत एकूण २१ भेटी, त्यातल्या १४ पहिल्या सहा महिन्यांतच. आमच्या हिशेबाने ५२५ भेटी. एका पूर्णवेळ ताईला जमतील.

काही कॅरिबियन बेटांनी हा नमुना उचलला. सेंट लुशियाने नावच बदललं: कुडमेन. तिथल्या बोलीत अर्थ हातभार, आपल्याकडच्या इर्जिकीच्या जवळचा शब्द. नाव आपल्या भाषेत आलं की कार्यक्रम थोडा आपला होतो, असं मला वाटतं. (आमचा ठराव अजून ‘प्रकल्प’ याच नावाने फिरतोय.)

पुएंतेत खोट आहे ती वेगळ्या जागी. चिलीत या घरांना सरकारी सवलतींत अग्रक्रम होता, २००४ मध्ये तसा कायदाही झाला. एवढं असूनही घरांना हक्काचे लाभ जास्त मिळू लागले, पण रोजगार आणि कमाईत त्या मानाने फार हललं नाही. भेटींची वही देशाबाहेर नेता येते, तिच्यामागचं सरकार नेता येत नाही. केरळने २०२१ पासून ६४,००६ अतिगरीब कुटुंबं शोधून प्रत्येकाचा वेगळा आराखडा केला, तो पंचायतीपासून सगळी यंत्रणा कामाला लावून. आमच्यामागे आहे एक मंडप आणि एक ढोलपथक.

तरीही पुण्यात योजना कमी नाहीत: महापालिकेची दवाखान्याच्या खर्चासाठीची शहरी गरीब, संजय गांधी निराधार, शाळाप्रवेशातल्या २५ टक्के राखीव जागा. अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी, शिधापत्रिकेवर सुनेचं नाव चढवण्यापाशी, आधारवरच्या चुकलेल्या जन्मतारखेपाशी. ते काम २१ भेटींत होण्यासारखं आहे.

म्हणून माझा हात पुएंतेच्या बाजूने वर. एकच दुरुस्ती सुचवतो: पहिल्या सहा महिन्यांत कागद मार्गी लागले की पंचवीसपैकी सात-आठ घरांना ब्रॅकसारखं भांडवल द्यावं, आणि तेही खोलीत मावेल असं. ताई वस्तीतलीच हवी. आणि तिला मानधन नको, पगार द्या.