साधा डिजिटल थर्मोस्टॅट : एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

मिनियापोलिसमधील आमच्या घरात हनीवेल कंपनीचा जुना गोल थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचे तापमान पाहून हीटर किंवा एसी चालू-बंद करणारे भिंतीवरचे यंत्र, होते. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी आम्ही आठवड्याचे वेळापत्रक लावता येणारा, वायफाय नसलेला डिजिटल थर्मोस्टॅट बसवला. तो वापरल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की खरेदीच्या वेळी आपण यंत्राचा पडदा (स्क्रीन) आणि अ‍ॅप पाहतो, पण घरातला आराम ठरतो तो पुस्तिकेच्या मागच्या पानांवर दडलेल्या दोन-तीन सेटिंगमुळे.

जुन्या यंत्राबद्दल मला मनापासून आदर आहे. हेन्री ड्रेफस यांनी घडवलेले हे गोल मॉडेल १९५३ मध्ये बाजारात आले. झाकण काढले, की दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी आणि तिच्यावर पाऱ्याची काचनळी दिसते. खोली गार झाली की गुंडाळी फिरते, नळी कलते, पाऱ्याचा थेंब घरंगळत जाऊन दोन टोके जोडतो आणि बेसमेंटमधील फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, पेटते. (याच शहरात अल्बर्ट बुट्झ यांनी कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप उघडणाऱ्या यंत्रणेचे पेटंट १८८६ मध्ये मिळवले होते.) पाऱ्यामुळे असा थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकता येत नाही, आम्ही तो घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिला.

नव्या यंत्रात गुंडाळीचे काम थर्मिस्टर करतो, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा छोटा घटक. बाकी तत्त्व तेच आहे. आमच्याकडची एकाच टप्प्याची फर्नेस एकतर पूर्ण चालते किंवा पूर्ण बंद असते; थर्मोस्टॅट फक्त २४ व्होल्टच्या तारांमधून तिला चालू-बंद करतो. त्यामुळे ती किती वेळाने पेटावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कंपनीने तासाला पाच फेऱ्या ठरवून दिल्या होत्या, म्हणजे निम्म्या भाराच्या दिवशी (फर्नेसला निम्माच वेळ चालावे लागते अशा दिवशी) फर्नेस दर बारा मिनिटांनी पेटणार. आमची फर्नेस उच्च कार्यक्षमतेची, कंडेन्सिंग प्रकारची (धुरातल्या वाफेचे पाणी करून तिचीही उष्णता वापरणारी) असल्याने पुस्तिकेप्रमाणे हा आकडा तीनवर आणला. तेव्हापासून ती कमी वेळा पेटते, पण जास्त वेळ चालते आणि टोकाच्या खोल्यांपर्यंत ऊब पोहोचते.

दुसरी गोष्ट भिंतीची. तारा येतात त्या छिद्रातून पोकळीतली गार हवा थेट थर्मिस्टरवर येत होती, त्यामुळे यंत्र खोली आहे त्यापेक्षा थंड समजत होते. छिद्रात लांबी (पुट्टी) भरल्यावर दाखवलेले तापमान आणि शेजारच्या थर्मामीटरचे तापमान जुळले. हे काम पुस्तिकेत ठळक अक्षरांत सांगायला हवे होते.

रात्री ६२ आणि सकाळी ६८ अंश फॅरनहाइट असे वेळापत्रक आहे. सकाळी सहाला ६८ हवे असेल, तर फर्नेस किती आधी सुरू करायची हे यंत्र अनुभवाने शिकते; जानेवारीच्या कडाक्यातही त्याचा अंदाज फारसा चुकला नाही. दिवसातले आठ तास ७ ते १० अंश खाली ठेवल्यास वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते.

उन्हाळ्यात पुण्याहून आलेले बाबा घर लवकर गार व्हावे म्हणून बटण थेट ६५ वर न्यायचे. आमचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो, म्हणून आम्हाला हव्या असलेल्या ७५ पर्यंत यायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. फक्त तो पुढे विनाकारण चालत राहतो. बंद केल्यावर लगेच चालू केले तर यंत्र पाच मिनिटे थांबते, तो बिघाड नसून कॉम्प्रेसरचे संरक्षण आहे.

तक्रार एकच, पडद्यावरचा उजेड फार मंद असल्याने रात्री चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत. गॅसची फर्नेस आणि साधा एसी असलेल्या घरासाठी मी हा नक्की सुचवेन. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून घर गरम करणारे विजेचे यंत्र) असेल, तर मात्र रात्री तापमान फार खाली नेऊ नये, कारण सकाळी ते भरून काढताना विजेची महाग पूरक कॉइल सुरू होते. अशा घरासाठी हीट पंपाचे स्वतंत्र सेटिंग असलेला थर्मोस्टॅटच घ्यावा.