लाटदार रंबल स्ट्रिप: आवाज कमी, पण कापणी चोख हवी

सोलापूरहून पुण्याकडे निघा नाहीतर हैदराबादकडे, चौक आला की थर्मोप्लास्टिकचे (तापवून रस्त्यावर ओतलेल्या जाड रंगाचे) आडवे पांढरे पट्टे लागतात. गाडी हादरवून चालकाला सावध करणाऱ्या अशा पट्ट्या म्हणजे रंबल स्ट्रिप. त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी वाजते, मग चालक टक्क जागा का असेना. डुलकी लागून लेन सोडणाऱ्यासाठी कडेच्या रेषेबाहेर कोरलेली पट्टी हवी. तिचाच कमी आवाजाचा प्रकार म्हणजे ही लाटदार पट्टी.

नेहमीच्या कोरीव पट्टीत साधारण १२ मिमी खोल खाचा असतात. टायर खाचेत पडतो, पुढच्या धारेवर आपटतो आणि तो ठोका शेतापलीकडच्या वस्तीपर्यंत जातो. लाटदार पट्टीचा पृष्ठभाग लाटेसारखा हळुवार वरखाली जातो, तिला धारच नसते. अमेरिकेत मिनेसोटाने वापरलेल्या नमुन्यात एका लाटेची लांबी १४ इंच, म्हणजे ३५५ मिमी. ताशी ८० किमी वेगाला सेकंदाला सुमारे ६३ हादरे बसतात. ते स्टिअरिंगला आणि सीटला चांगले जाणवतात, बाहेर मात्र जाड घरघर तेवढी उरते.

उणी बाजू ट्रकची. रुंद टायर उथळ लाट सहज पचवतो, भरलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये इशारा मवाळ पोचतो. आपल्याकडची ट्रकची वर्दळ पाहता खोली ८ मिमीच्या खाली नेणं म्हणजे पैसे पाण्यात. वेग ४० वर आला की हादरे निम्म्यावर येतात, त्यामुळे चौकाआधीच्या आडव्या पट्ट्यांची जागा ही घेऊ शकत नाही.

खरी गोम कापणीत आहे. मशीन पुढे सरकताना त्याचा कापणारा ड्रम एकसारखा वरखाली व्हायला हवा. ऑपरेटरने घाई केली की लाटेचे माथे सपाट राहतात, कडा उरतात आणि जुना खडखडाट परत येतो. पत्र्याचा लाटेच्या आकाराचा साचा करून दर शंभर मीटरला खाचेत बसवून बघा. फट दिसली तर बिल अडवा. डांबराच्या सांध्यावर तर कापूच नका, तिथून पाणी शिरून थर उखडतो. कापल्यावर इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) हात मारून घ्यावा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली काळी माती खाचांत थापली जाते आणि वाळली की पट्टी मुकी होते, म्हणून सफाईचं कलम करारातच हवं.

दीड मीटरच्या शोल्डरवर (कडेच्या रेषेबाहेरच्या बाजूपट्टीवर) कोरीव पट्टीची रुंदी ३०० मिमी पुरे, म्हणजे दुचाकीला मीटरभर वाट उरते. सायकलवाल्यांना आत-बाहेर करायला दर १५ मीटरला साडेतीन मीटर जागा कोरी सोडावी. उसाच्या रिकाम्या ट्रॉलीचा खडखडाट मात्र कुठल्याच पट्टीने थांबणार नाही.