संहतीचे एकक बदलून देणारे ॲप : आकडेमोड चोख, पण घनता पडद्याआड

द्रावणाची संहती, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण, एका एककातून दुसऱ्या एककात बदलून देणारे एक मोबाइल ॲप मी गेले सहा महिने प्रयोगशाळेत वापरत आहे. विद्यार्थ्यांना ते सुचवावे की नाही, हे ठरवण्यासाठी मी ते बारकाईने तपासले. मोलॅरिटी, मोलॅलिटी, नॉर्मॅलिटी (द्राव्याची अभिक्रियेतील क्षमता धरून मोजलेली संहती), वस्तुमानाची टक्केवारी, ग्रॅम प्रतिलिटर आणि पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) अशी नेहमीची सगळी एकके त्यात आहेत. मिठाचे ०.९ टक्के द्रावण, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम, असे भरले की ०.१५४ मोलर हे उत्तर क्षणात मिळते आणि ते बरोबर असते.

अडचण संहत, म्हणजे जास्त संहतीच्या, द्रावणांपाशी येते. मोलॅरिटीत (एकक मोलर) द्राव्याचे मोल, म्हणजे कणांची संख्या सांगणारे एकक, एक लिटर द्रावणामागे मोजतात, तर मोलॅलिटीत ते एक किलोग्रॅम द्रावकामागे मोजतात. पहिले माप आकारमानावर आधारलेले आहे, दुसरे वस्तुमानावर. द्रावण तापले की प्रसरण पावते आणि त्याची मोलॅरिटी किंचित उतरते, मोलॅलिटीत मात्र फरक पडत नाही. त्यामुळे एकीवरून दुसरी काढायची, किंवा वस्तुमानाच्या टक्केवारीवरून मोलॅरिटी काढायची, तर द्रावणाची घनता हाताशी असावीच लागते. विरल जलीय द्रावणाची घनता १ ग्रॅम प्रतिमिलिलिटरच्या अगदी जवळ असल्याने ही गरज सहसा जाणवत नाही. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाची मोलॅरिटी मात्र सुमारे १८.४ आणि मोलॅलिटी सुमारे ५०० भरते, कारण त्या आम्लाच्या १०० ग्रॅममध्ये पाणी अवघे २ ग्रॅम असते.

या ॲपमध्ये घनतेचा रकाना आहे, पण तो 'अधिक पर्याय' या बटणामागे ठेवलेला आहे आणि तेथे कोणतीही सूचना न देता १ हा आकडा आधीच भरलेला असतो. आमच्याकडे एका विद्यार्थिनीने हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवरील ३७ टक्के हा आकडा भरला आणि ॲपने १०.१५ मोलर असे उत्तर दिले. त्याच लेबलवर, टक्केवारीच्या खालच्याच ओळीत, घनता १.१९ अशी छापलेली होती. ती धरली असती तर उत्तर १२.०८ आले असते. १ लिटर ०.१ मोलर द्रावणासाठी ८.३ मिलिलिटर आम्ल पुरले असते, तेथे तिने ९.८५ मिलिलिटर घेतले. पुढे ०.१ नॉर्मल सोडियम कार्बोनेटच्या २५ मिलिलिटरशी टायट्रेशन केले, म्हणजे ब्युरेट या मापनळीतून आम्ल थेंबाथेंबाने सोडून अभिक्रिया पूर्ण होण्यास किती लागते ते मोजले, तेव्हा मिथिल ऑरेंज या दर्शकाचा पिवळा रंग अपेक्षित २५ ऐवजी २१ मिलिलिटरलाच नारिंगी झाला. तिने ब्युरेट पुन्हा धुऊन भरली, दुसरे वाचन घेतले, तेही तेवढेच आले. चूक तिच्या हाताची नव्हती, द्रावणच ०.११९ मोलर झाले होते. (संहत हायड्रोक्लोरिक आम्लातून वायू उडून जात असल्याने लेबलवरचा आकडा कधीच अंतिम मानू नये आणि विरल द्रावण प्रमाणित करून, म्हणजे त्याची खरी संहती टायट्रेशनने ठरवून, घ्यावेच, पण ती तफावत सहसा इतकी मोठी नसते.)

नॉर्मॅलिटीचा विभाग मात्र मनापासून आवडला. पोटॅशियम परमँगनेट निवडले की ॲप आधी माध्यम विचारते, कारण आम्लधर्मी माध्यमात परमँगनेट आयन ५ इलेक्ट्रॉन घेतो आणि उदासीन माध्यमात ३. म्हणून एकच ०.०२ मोलर द्रावण पहिल्या ठिकाणी ०.१ नॉर्मल ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी ०.०६ नॉर्मल. नॉर्मॅलिटी हा केवळ बाटलीतल्या द्रावणाचा गुणधर्म नाही, ती अभिक्रियेवरही अवलंबून असते, ही गोष्ट वर्गात कितीदाही सांगितली तरी निसटते, आणि येथे ती त्या एका प्रश्नाने मुलांच्या लक्षात राहते.

स्फटिकजलाकडेही, म्हणजे स्फटिकांत बांधलेल्या पाण्याकडेही, नीट लक्ष दिलेले आहे. मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) ०.१ मोलर द्रावण २५० मिलिलिटर करायचे असेल, तर पाच रेणू पाणी असलेल्या निळ्या स्फटिकांचे ६.२४ ग्रॅम आणि निर्जल पांढऱ्या भुकटीचे ३.९९ ग्रॅम, अशी दोन्ही वजने शेजारी शेजारी दिसतात. पीपीएमच्या बाबतीत ॲप कमी पडते, कारण पाण्यातले पीपीएम आणि हवेतले पीपीएम ते एकाच सूत्राने काढते. हवेतले पीपीएम सहसा आकारमानाच्या प्रमाणात सांगतात, त्यामुळे वायूंसाठी हा विभाग वापरू नये.

विरल जलीय द्रावणे, नॉर्मॅलिटी आणि स्फटिकजल यांसाठी मी हे ॲप विद्यार्थ्यांना सुचवतो. संहत आम्ले आणि अमोनिया यांच्यासाठी मात्र घनतेचा रकाना उघडून, लेबल पाहून, आकडा स्वतः भरल्याशिवाय उत्तर वहीत उतरवू देत नाही. निर्मात्यांना मी एवढेच कळवले आहे की घनतेचा रकाना पहिल्याच पडद्यावर आणावा, तो रिकामा ठेवावा, आणि टक्केवारीवरून मोलॅरिटी विचारली असता तो भरल्याखेरीज उत्तर दाखवू नये.