निळ्या कमळाचा सेट आणि ‘पैसे परत’चा क्यूआर कोड

अमळनेर-पारोळ्याकडच्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर एक जाहिरात फिरते आहे. गच्चीवरचा टप, त्यात निळंशार कमळ, खाली लाल मासे. ‘संपूर्ण सेट 2,400 रुपये, 30 दिवसांत फूल.’ ही जाहिरात देणाऱ्या माणसाने आमच्या घरून आधी ते 2,400 आणि मग आणखी 9,000 नेले. दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत म्हणून लिहितो आहे.

मुळात कमळ निळं नसतंच. आपल्याकडचं कमळ गुलाबी किंवा पांढरं, पिवळी जात अमेरिकेतली. निळं फूल येतं ते कुमुदिनीला, म्हणजे वॉटर लिलीला. दोन्ही पानांवरून ओळखता येतात. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मधोमध आणि झाड जोमात आलं की पानं पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदिनीचं पान पाण्यावर पसरतं आणि काठापासून देठापर्यंत त्याला चीर असते. जाहिरातीत पानं कमळाची आहेत, रंग तेवढा फोटोत भरलेला.

पाकिटातून निघाल्या त्या काळ्या, गोल, चकचकीत बिया. आमच्या नानांनी एक बी हातात घेतली आणि लगेच म्हणाले, “ह्या तं रिठान्या बिया शेतस!” कमळाची बी लांबट असते आणि कवच इतकं टणक की एक टोक कानशीने घासल्याशिवाय आत पाणी शिरत नाही. घासून कोमट पाण्यात ठेवली की काही दिवसांत कोंब येतो. पण बी अस्सल असली तरी फूल कोणत्या रंगाचं येईल याची खात्री नाही, आणि महिन्याभरात तर ते येतच नाही. ठरावीक रंग हवा असेल तर कंद घ्यायचा, तोही रोपवाटिकेत जाऊन, मूळ झाडाचं फूल डोळ्यांनी बघून.

माशांचे हाल आठवले की अजून संताप होतो. दोन गोल्डफिश आणि चार ‘विदेशी डासखाऊ मासे’ एकाच पिशवीत कोंबलेले, काठोकाठ पाणी. खरं तर पिशवीत पाणी थोडं आणि वर ऑक्सिजन जास्त भरतात. गोल्डफिश दोन्ही मेलेले होते. सोबतच्या कागदावर सूचना: टप उन्हात ठेवा, नळाचं पाणी भरा, मासे लगेच सोडा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो. उथळ टपातलं पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मासा गुदमरतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जायलाही ते दिवसभर उघडं ठेवावं लागतं. आणि ते ‘विदेशी’ मासे म्हणजे साधे गप्पी. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ असं गावोगावच्या भिंतींवर लिहिलेलं असतं ना, तेच. हिवताप कार्यालयात ते फुकट मिळतात, त्याने आम्हाला त्यांचे 300 रुपये लावले.

नानांनी फोन केला तर माणूस अगदी गोड बोलला. “काका, चूक झाली, पूर्ण पैसे परत करतो.” मग एक क्यूआर कोड पाठवला आणि पैसे जमा व्हायला तो स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पिन टाकला आणि 9,000 गेले.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, कोड स्कॅन करून पिन टाकला म्हणजे पैसे जाणारच. घरातल्या मोठ्या माणसांना हे आजच सांगा, कारण असा माणूस त्यांच्याशीच जास्त आदराने बोलतो. असं काही घडलंच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे त्याच्या खात्यातून पुढे सरकले नसतील तर तिथेच अडवता येतात. व्यवहाराचा यूटीआर (ओळख) क्रमांक, त्याचा नंबर, जाहिरातीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. त्याने आमच्याशी झालेली चॅट अर्ध्या तासात पुसली.

तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. जाहिरात आता दुसऱ्या नावाने सुरू आहे. फोटो तोच आहे, टपाच्या डाव्या काठाला पितळी कासव ठेवलेलं. ते दिसलं तर पैसे पाठवू नका.